गोष्टीत तीच गोष्ट : विज्ञानमालिका लिहिताना या चुका टाळा

अमळनेरच्या चार पोरांनी लिहिलेली एक संहिता गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे वाचायला आली. अहिराणी वेबमालिका, आठ भाग. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलात एक दगडी कमान आहे आणि तिच्यातून दुसऱ्या ग्रहावर जाता येतं. जागा फार विचाराने निवडलेली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, त्याचा शिलालेख पाटण्यालाच सापडला. आकाश मोजणाऱ्याच्या गावी आकाशाचं दार असणारच, असं वाचताना वाटत होतं.

तिसऱ्या भागात नायकाचा काका टीव्ही लावतो. पडद्यावर तीच कमान, तोच ग्रह, अशीच एक मालिका चालू. काका म्हणतो, "हाई ते आपन रोज देखतस!" सगळे हसतात आणि प्रसंग संपतो.

मी तिथेच थांबले. मालिकेच्या जगात तीच मालिका असणं ही सुंदर कल्पना आहे, पण ती टाळीपुरती आणली की अख्खं जग डळमळतं. गुपित टीव्हीवर रोज दिसतंय, तर गावात कुणालाच काही वाटत कसं नाही?

ती मालिका बनू कुणी दिली?

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. आतली मालिका आकाशातून पडत नाही. तिला लेखक असतो, पैसे घालणारा असतो, आणि गुपित सांभाळणारे लोक ती बंद का पाडत नाहीत यालाही कारण असतं. 'स्टारगेट एसजी-१' या अमेरिकी मालिकेने आपल्या शंभराव्या भागात, २००१ साली, हे चोख जमवलं. मालिकेतल्या हवाई दलाच्या गुप्त मोहिमेवर बेतलेली दुसरी एक मालिका बनतेय, हे दलाला कळतं. तरी ते ती बनू देतात, कारण उद्या खरं कुणी फोडलंच तर 'अहो, ते टीव्हीवरचं' म्हणून हात झटकता येतील. या एका कारणाने विनोदही टिकतो आणि जगही.

लेखक कोण, हेही ठरवा. खरं माहीत असलेला माणूस कदाचित दुसऱ्या नावाने लिहील. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. त्यांचा हेतू वेगळा होता, पण अशी युक्ती तुमच्या पात्राच्या हाती द्या, एक भाग सहज उभा राहील.

परिणाम न दाखवणं

आतली गोष्ट ऐकून बाहेर काहीतरी हललंच पाहिजे. आपल्याकडे हे फार जुनं आहे. अश्वमेधाच्या मंडपात लव-कुश रामायण गातात, समोर खुद्द राम बसलेला असतो, आणि ते गाणं ऐकूनच ही आपली मुलं हे त्याला कळतं. गाणं काढून टाकलं तर पुढची कथाच घडत नाही. तुमची आतली मालिका काढून पाहा. काहीच अडत नसेल तर ती नकोच.

अंतराळस्थानकावर घडणाऱ्या 'डीप स्पेस नाइन' या अमेरिकी मालिकेच्या १९९८ मधल्या एका भागात तर हा परिणाम काळजाला भिडतो. १९५० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये एक कृष्णवर्णीय लेखक त्याच अंतराळस्थानकाची कथा लिहितो, आणि कथेतला प्रमुख कृष्णवर्णीय आहे म्हणून ती छापली जात नाही. आतली कथा इथे चिमटा काढायला आलेली नाही. ती छापून यावी म्हणून एक माणूस जिवाच्या आकांताने झगडतो. मी हा भाग शिकवताना दरवेळी थांबते.

दोन्ही थरांना एकच बोली देणं

ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या एकांकिकेत आतलं नाटक आणि बाहेरचं घर दोन्हीकडे सारखीच प्रमाण मराठी होती. प्रयोग संपल्यावर मागच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, "मुलगा खरोखर गेला की नाटकात?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते रंगमंचावर नव्हतं.

खान्देशात तर यावर उपाय हाताशी आहे. आतली मालिका मुंबईत बनलेली दाखवा. तिच्यातली माणसं पुस्तकी बोलतील, खान्देशी म्हणून कसंतरी हेल काढतील. तिच्यातलं वांगं गॅसवर भाजलं जाईल. आणि ती बघणाऱ्या घराच्या मागच्या अंगणात कापसाच्या काड्यांवर हिरवी वांगी करपत असतील, धूर खिडकीतून टीव्हीपर्यंत येत असेल. आता पाटी लावायची गरज नाही, कुठलं खरं ते नाकालाच कळतं. फक्त बोली त्या त्या गावची ठेवा. अमळनेर-धुळ्याची अहिराणी रावेर-यावलच्या लेवा बोली बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी घातली तर तिकडचा प्रेक्षक पहिल्या वाक्याला उठेल.

फार वेळ डोळा मारणं

संकेत द्यायचाच असेल तर निसटता द्या. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेची सुरुवात २३ नोव्हेंबर १९६३ ची. १९८८ मधली तिची एक कथा १९६३ च्या नोव्हेंबरातच घडते. तिथे टीव्हीवरचा निवेदनाचा आवाज नव्या विज्ञानमालिकेचं नाव घ्यायला लागतो, पहिलं अक्षर उच्चारतो आणि प्रसंग तोडला जातो. एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीच्यांचं काही अडत नाही.

त्या पोरांनी तिसरा भाग पुन्हा लिहून आणला. आता काका हसत नाही. पडद्यावरच्या कमानीवर उजवीकडे एक तडा दिसतो. खऱ्या कमानीला तो तडा परवाच्या पावसात गेलेला, आणि तिथे त्या दिवशी फक्त काका आणि पुतण्या होते. काका टीव्हीचा आवाज बंद करतो आणि हळूच विचारतो, "तू कोनले सांगं?"