साप चावल्यावर वेळ कुठे जातो? या चुका टाळा

वाळवा तालुक्यातल्या सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली. भांगलणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत साप चावलेला माणूस आला की मी आधी विचारायचो, ‘चावून किती वेळ झाला?’ घर दवाखान्यापासून अर्ध्या तासावर असायचं, आणि उत्तर यायचं, तीन-चार तास. हा मधला वेळ कशात जातो ते बघून बघून जीव तुटायचा, म्हणून हे लिहितोय.

दात उमटले नाहीत, म्हणजे काही नाही

ही सगळ्यात घातक समजूत. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. तिचा चावा बहुतेक वेळा दुखत नाही, सुजत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचं बाधलं असेल, आणि ओवा देतात. एका पोराची आई सांगत होती, ‘शाळेला उठवतीय तर डोळंच उघडंना, मला वाटलं सोंग करतंय.’ त्या पोराला मी पाहिलं. कपाळाला आठ्या घालून तो पापण्या वर ओढायला बघत होता आणि त्या निम्म्यावरच अडत होत्या. हे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. त्याला वेळेत श्वासाच्या यंत्रावर ठेवलं गेलं आणि तो बरा होऊन घरी गेला. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाची पहाटे पापणी जड झाली, तर खूण शोधत बसू नका, गाडी काढा.

मांत्रिक, कडुलिंब, दोरी

कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचा, कडू लागला नाही तर विष चढलं म्हणायचं. या परीक्षेला काही अर्थ नाही. मांत्रिकाचा गुण येतो तो धामण, दिवड, तस्कर चावलेल्यांना, कारण त्यांना विषच नसतं. विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. बत्तीस शिराळ्याच्या या मुलखात नागाविषयी केवढी श्रद्धा, पण उसाच्या पाल्यात दबून बसते ती घोणस. तिच्या चाव्यानंतर दोरी आवळली, की आधीच सुजणाऱ्या पायाचं रक्त अडतं आणि पाय जायची वेळ येते. कुणी आवळून बांधलीच असेल, तर ती डॉक्टरांसमोरच सोडा. एकदम सोडली तर अडलेलं विष अंगभर जातं. जखम कापू नका, चोखू नका.

जोडवी, पैंजण, अंगठी लगेच काढा. पायाला काठी किंवा फळी बांधून तो हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. 108 ला फोन करा. गाडी येणार नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणा.

साप मारून पिशवीत आणायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर प्रतिविष, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, एकच आहे, आणि मेलेल्या सापाचं तोंडही चावू शकतं.

‘अजून इंजेक्शन का देत नाही?’

यावरून दवाखान्यात भांडणं झालेली मी पाहिली आहेत. घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या प्रतिविषाची जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, त्यामुळे विषाची लक्षणं दिसल्याशिवाय ते देत नाहीत. लक्षणं दिसली की साधारण 10 व्हायलने, म्हणजे औषधाच्या 10 कुप्यांनी, सुरुवात होते. घोणस-फुरशासाठी आम्ही 2 मिली रक्त कोरड्या, कोऱ्या काचेच्या नळीत घ्यायचो आणि 20 मिनिटं नळीला हात लावायचो नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्ताची गाठ जागेवर राहिली तर बरं. पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने गोठायची ताकद खाल्ली. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची नळी वापरली तर निकाल फसतो. आणि पहिली नळी चांगली आली म्हणून घरी निघू नका. ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, 24 तास दवाखान्यातच राहा.

‘आता गोळी निघालीय म्हणे’

ही नवी चूक मोबाईलवरून आली. 1895 च्या सुमारास आल्बेर काल्मेतने घोड्यापासून प्रतिविष काढलं, आपण अजून त्याच वाटेवर आहोत. देशात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशाने मरतात असा अंदाज निघाला, तरीही. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं आहे. प्रतिविषासाठीचं विष मात्र मुख्यतः तमिळनाडूतल्या, साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. 2024 मध्ये याच संशोधकांनी अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर एक कृत्रिम प्रतिपिंड (अँटिबॉडी) बनवलं. नाग-मण्यारीच्या गटातल्या सापांच्या विषद्रव्यांचा एक मोठा प्रकार त्याने उंदरांमध्ये निष्प्रभ झाला. घोणशीच्या विषावर ते चालत नाही. गोळीची जी बातमी फिरते ती व्हॅरेस्प्लाडिबची. विषातलं एक विकर (एन्झाइम) ती रोखते आणि तिच्या चाचण्या माणसांवरही झाल्या आहेत. ही गोळी यावी असं मला मनापासून वाटतं, कारण ती बांधावरच देता येईल. पण आज तिच्या भरवशावर घरी थांबणं म्हणजे पुन्हा तेच तीन-चार तास.

पावसाळा लागायच्या आत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून तीन गोष्टी विचारून ठेवा. सापाचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, आणि श्वासाचं यंत्र जवळात जवळ कुठे आहे. उत्तरं घरातल्या दारामागे लिहून ठेवा.