अधिशोषणाच्या प्रयोगात अखेरचा सामू मोजाच

पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करताना भोसरीच्या प्लेटिंग कारखान्यांचे सांडपाणी डोळ्यांसमोर ठेवून उसाच्या चिपाडाचा किंवा त्याच्या राखेचा अधिशोषक, म्हणजे पाण्यातील धातू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ, तयार करण्याचा विषय घेतला जातो, आणि विषय म्हणून तो चांगलाच आहे. लँगम्यूर आणि फ्रॉइंडलिश ही अधिशोषणाची नेहमीची समीकरणे तुम्हाला ठाऊक आहेतच. माझ्या कामातील सर्वांत कठीण महिने ज्या एका गोष्टीने घेतले, तिच्याविषयीच येथे लिहितो.

लिटरला १०० मिलिग्रॅम तांबे असलेल्या द्रावणाचा सामू (pH) ६ च्या आसपास पोहोचला, की तांब्याचे हायड्रॉक्साइड साक्याच्या रूपात वेगळे होऊ लागते. हा साका गाळणकागदावर अडकतो, गाळलेल्या पाण्यात तांबे जवळपास उरत नाही, आणि आपले गणित ते सगळे अधिशोषकाच्या खात्यावर जमा करते. अधिशोषकाविना ब्लँक चालवावा, हे सर्वांनाच शिकवलेले असते; परंतु तो ब्लँक आपण सुरुवातीच्या सामूवर, समजा ५ वर, ठेवतो आणि त्यात काहीच घडत नाही. राख मात्र अल्कधर्मी असते, त्यामुळे शेकरवर हलणाऱ्या फ्लास्कमधील सामू ती ७ किंवा ८ पर्यंत चढवू शकते, आणि साका नेमका तेथे बसतो. म्हणून प्रत्येक फ्लास्कचा अखेरचा सामू नोंदवा, आणि ब्लँक त्याच अखेरच्या सामूवर, तितकाच वेळ हलवून, त्याच प्रकारच्या कागदातून गाळून तपासा. आम्लाने धुतल्यावर तांबे परत मिळाले, हाही अधिशोषणाचा पुरावा नव्हे, कारण आम्लात साकाही विरघळतो.

एवढे तपासल्याशिवाय ‘९८ टक्के निष्कासन’ असे लिहूच नका. क्षमतेचा आकडा खाली आला तरी खचू नका. लहान पण खरा आकडा परीक्षकापुढे टिकतो. आलेखाआधी प्रयोगवही मागणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्याला सोडू नका. सरळ रेषेत बसवलेल्या लँगम्यूरच्या ०.९९ या R² वर (रेषा बिंदूंशी किती जुळते ते सांगणाऱ्या आकड्यावर) मात्र माझा विश्वास नाही, कारण त्या नेहमीच्या आलेखात समतोल संहतीच (अखेर द्रावणात उरलेले प्रमाण) दोन्ही अक्षांवर येते.

सहासंयुजी क्रोमियम घेतलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. आम्लधर्मी द्रावणात वनस्पतिजन्य पदार्थ त्याचे क्षपण करून ते त्रिसंयुजी करतात; मग सहासंयुजी क्रोमियम ओळखणाऱ्या डायफिनाइलकार्बाझाइडचा रंग उमटत नाही, पण धातू पाण्यातच राहिलेला असू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील लिटरला ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा एकूण क्रोमियमसाठी आहे, तेव्हा एकूण क्रोमियम एएएसवर (अणुशोषण वर्णपटमापकावर) मोजून घ्या.