कार्बोरेटरच्या गाडीला टर्बो लावताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे जुन्या जिप्सीला, मारुती 800 ला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) लावायची हौस चांगलीच वाढली आहे. हौस असावी. पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांत एकच गोष्ट दिसते: हवा वाढवली आणि पेट्रोलकडे कुणी पाहिलंच नाही. टर्बो, पाइप, फिल्टर यांवर हात सैल सोडून खर्च करतात आणि पेट्रोल मात्र इंजिनावरच्या मूळ डायफ्राम पंपाच्या भरवशावर ठेवतात.

पंपाचं प्रेशर बूस्टबरोबर न वाढवणं

सगळ्यात जास्त इंजिनं याच चुकीने जातात, म्हणून हे नीट समजून घ्या. टर्बो जेव्हा कार्बोरेटरमधून हवा ढकलतो, तेव्हा त्या जादा प्रेशरला बूस्ट म्हणतात, आणि फ्लोटच्या वाटीतही (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) तेवढंच प्रेशर असावं लागतं. बूस्ट 6 पीएसआय (प्रेशरचं माप) आणि पंपाचं प्रेशर 4, तर पेट्रोल वाटीत जाणार कसं? वाटीत आधीचं पेट्रोल असतं तोवर गाडी छान पळते, नंतर उपाशी राहते.

पारोळ्याकडची एक 1.3 लिटरची जिप्सी अशीच आली होती. मालक म्हणाला, "भाऊ, घाटमा गाडी वढतच नही. सपाटीले मस्त पयस." त्याआधी तिने दोन गॅरेज पाहिली होती. दोन्हीकडे एकच इलाज झाला होता, मेन जेट (पेट्रोल सोडणारं मापाचं भोक) मोठा. 105 चा जेट 125 वर नेला होता. आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण भोकाचं क्षेत्रफळ 42 टक्क्यांनी वाढतं. परिणाम असा की बाजारात हळू चालवताना काळा धूर, प्लग काजळीने भरलेले, आणि चाळीसगावहून औट्रम घाट चढायला लागलं की दहा सेकंदांत फटफट. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनला करंगळी जाईल एवढं भोक आणि कडेला वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे ओघळ. पिस्टन हातात घेऊन तो माणूस बराच वेळ गप्प उभा होता. मलाही वाईट वाटलं, कारण हे पाचशे रुपयांच्या गेजने आधीच कळलं असतं.

हिशोब सोपा आहे. बूस्टमध्ये असं इंजिन सेकंदाला 7-8 मिली पेट्रोल खातं. वाटीत 50 मिलीच्या आसपास असतं. म्हणजे सहा-सात सेकंदांचा खेळ. सपाट रस्त्यावर चार सेकंद रेस दिली की गिअर बदलतो आणि तेवढ्यात वाटी पुन्हा भरते. घाटात पाय दाबलेलाच राहतो. म्हणून गावाबाहेर एक चक्कर मारून "ओके आहे" म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

नवे पिस्टन टाकून इंजिन उभं केल्यावर आधी कार्बोरेटरच्या तोंडाशी टी-जॉइंट लावला, त्यावर गेज जोडला आणि तो बोनेटबाहेर काचेला टेपने चिकटवला. (पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये कधीही घेऊ नका.) घाटात चढवली. बूस्ट 6, पेट्रोलचा काटा 4 वरच. लगेच पाय काढला. मग टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) आणि बूस्टची नळी लागणारा रेग्युलेटर (बूस्टप्रमाणे पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा) बसवला. आता बूस्ट नसताना काटा साडेतीनवर आणि 6 बूस्टला साडेनऊवर. फरक कायम साडेतीनचाच राहिला पाहिजे. नंतर जेट 112 वर उतरवला आणि गाडी आजही चालते आहे.

बूस्टची नळी नसलेला स्वस्त रेग्युलेटर इथे उपयोगाचा नाही. कार्बोरेटरसाठी मिळणारा 4-5 पीएसआयचा छोटा इलेक्ट्रिक पंपही नाही.

वाटीची हवेची नळी बाहेर सोडणं

बऱ्याच मूळ कार्बोरेटरमध्ये वाटीचा श्वास बाहेरच्या हवेत असतो. तो तसाच ठेवला तर बूस्टमध्ये हवा जेटमधून उलटी वाटीत घुसते आणि पेट्रोल त्या नळीतून बाहेर उडतं, तेही तापून लाल झालेल्या टर्बोच्या शेजारी. आग लागते, याहून वेगळं काय सांगू. ती नळी कार्बोरेटरच्या टोपीतच जोडा, हवेचा थेट झोत बसणार नाही अशा जागी. त्याच वेळी फ्लोट काढून पाहा. पोकळ पितळी फ्लोट बूस्टने चेपतो. गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर टाकून द्या.

जेट तारेने किंवा ड्रिलने मोठा करणं

करू नका. भोक गोल राहत नाही आणि किती वाढलं ते कळत नाही. नंबराचे जेट विकत मिळतात.

जेट थोडा वाढवावा लागतोच, हे मात्र खरं. तोरणमाळला चढताना कार्बोरेटरची गाडी जड का होते? हवा विरळ होते आणि पेट्रोल त्या मानाने जास्त पडतं. बूस्टमध्ये नेमकं उलट होतं. हवा दाट होते आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. 6 बूस्टला साधारण 10-12 टक्के कमी पडतं. त्यात ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) हवेच्या मानाने पेट्रोल आणखी जास्त लागतं. एक भाग साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा, तर याला साधारण 13.5. पण हे सगळं पंपाचं प्रेशर बरोबर झाल्यावर. एका वेळी एकच नंबर बदला आणि वहीत लिहा. घाई असणाऱ्यांनी हे काम हातातच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाळा विसरणं

भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पेट्रोलची नळी टर्बोजवळून नेली की त्यात वाफ धरते, आणि रसवंतीवर थांबून आल्यावर गाडी सुरूच होत नाही. रेनॉ 5 जीटी टर्बो 1985 मध्ये आली, तीही कार्बोरेटरवर टर्बो असलेली. कंपनीने बनवलेली गाडी, पण तापल्यावर सुरू व्हायला छळायची, म्हणून कार्बोरेटर गार करायला वेगळा पंखा दिला होता. तोही थंड हवेच्या देशात! पंप टाकीजवळ आणि खालच्या बाजूला ठेवा. पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट. रिटर्न लाइन असली की पेट्रोल फिरत राहतं आणि कमी तापतं.

थ्रॉटलच्या (कार्बोरेटरमधल्या हवेच्या झडपेच्या) शाफ्टमधून गळती

पाइप बंद करून कॉम्प्रेसरने 5 पीएसआय हवा द्या, साबणाचं पाणी लावा. फेस आला तिथे गळती.

टायमिंग मूळचंच ठेवणं

टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते ते. मी दर पीएसआय बूस्टला 1 अंश मागे (उशिरा), इथून सुरुवात करतो.

प्लग न पाहणं

मोकळ्या, सपाट रस्त्यावर पूर्ण बूस्टला ओढा, क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि प्लग काढून भिंगाखाली पाहा. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चमकते ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. तिथून गाडी टोचन करून आणा, चालवत आणू नका.