बेस गिटारची बांधणी पारखताना या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात ऑर्केस्ट्रा, लग्नाचे बँड आणि मंडळांचे कार्यक्रम यांमुळे बेस वाजवणारे कमी नाहीत, आणि दोन बेस शेजारी ठेवून कोणाची बांधणी सरस यावर तासन् तास वाद घालणारे हौशी तर त्याहूनही जास्त आहेत. वाद घालण्यास हरकत नाही. परंतु वर्षानुवर्षे त्याच चुकीच्या खुणांवरून निकाल दिले जातात, चांगली वाद्ये नावे ठेवून मातीमोल विकली जातात आणि सामान्य वाद्ये केवळ नावामुळे डोक्यावर घेतली जातात, हे पाहून आता कंटाळा आला आहे.

सेटअप न करता तुलना करणे

सेटअप म्हणजे नेकचा (गिटारच्या लांब दांड्याचा) बाक आणि तारांची उंची जुळवून घेणे. तो न करणे ही चूक सर्वांत मोठी आहे आणि सर्वांत जास्त लोक तीच करतात. चार तारांच्या बेसवर तारांचा एकूण ताण साधारण 70 ते 80 किलो असतो. हा ताण नेकला पुढे वाकवू पाहतो आणि नेकच्या आत बसवलेला ट्रस रॉड (धातूची सळई) त्याला विरोध करतो. या दोघांचा तोल कोणत्या हवेत साधला गेला, यावर त्या दिवशी बेस कसा लागेल हे ठरते. कारखान्यातला तोल कारखान्याच्या हवेचा असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि जूनच्या मध्यानंतर तीच खोली दमट होते. त्यातही आपल्याकडे उन्हाळाभर पाण्याचा कूलर चालतो. दिवसा बंद खोलीत कोरडी हवा आणि रात्री स्टँडवरच्या बेसवर थेट ओलसर झोत, असा प्रकार घरोघरी दिसतो. लाकूड धाग्याच्या दिशेने फारसे हलत नाही, पण आडव्या दिशेने ते ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते. त्यामुळे मुंबईच्या दमट दुकानात फ्रेटच्या (नेकवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडा गुळगुळीत असलेला बेस एप्रिलमध्ये इकडे आणला की फ्रेटबोर्ड रुंदीत किंचित आकसतो, धातूचे फ्रेट तेवढेच राहतात आणि त्यांची टोके तळहाताला टोचू लागतात. लगेच ‘फिनिशिंग रद्दी आहे’ असा शेरा पडतो. टोके बारीक कानशीने घासणे हे फार तर एका दुपारचे काम असते, आणि तो बेस नंतर बहुधा तक्रार करत नाही.

भुसावळच्या एका होतकरू वादकाचा प्रसंग येथे सांगितला पाहिजे. त्याच्याकडे जुना अमेरिकन बेस आला होता आणि घरात आधीपासून एक स्वस्त इंडोनेशियन होता. स्वस्त बेस त्याने दुकानातूनच सेटअप करून घेतला होता. अमेरिकन बेस मात्र कुरिअरच्या खोक्यातून निघाला तसाच वाजवायला घेतला. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारा खरखरू लागल्या. खरखर फक्त सुरुवातीच्या फ्रेटवर असेल, तर नेक गरजेपेक्षा जास्त ताठ झालेला किंवा मागे झुकलेला असण्याचा संभव असतो, म्हणजे ट्रस रॉड सैल करावा लागतो. या गृहस्थाने एका व्हिडिओवर विश्वास ठेवून तो घट्ट केला. खरखर वाढली, म्हणून आणखी घट्ट केला. त्यात चावी चुकीची होती. ट्रस रॉडच्या नटचे खोबण 3/16 इंचाचे, म्हणजे 4.76 मिलिमीटरचे होते आणि याने सायकलच्या पेटीतली 4.5 मिलिमीटरची ॲलन की घातली होती. ती आत जाते, सुरुवातीला धरतेही, आणि जोर लावला की खोबणाचे कोपरे खाऊन टाकते. बेस माझ्याकडे आला तेव्हा नट गोल झालेला, नेक मागे झुकलेला आणि मालक अमेरिकन कारखान्याला शिव्या घालत असलेला, अशी स्थिती होती. सर्व तारा सैल केल्या, किंचित मोठे टॉर्क्स बिट हलक्या हातोडीने त्या गोल झालेल्या खोबणात बसवले आणि श्वास रोखून नट उलटा फिरवला. नट बाहेर काढून बदलता येण्याजोगा होता हे त्याचे नशीब. प्रत्येक बेसमध्ये ती सोय नसते. नवा नट बसवून सेटअप झाल्यावर त्या बेसमध्ये कसलाही दोष उरला नाही. आता तो विकायचा विचार त्याने सोडला आहे.

माझी पद्धत संथ आहे आणि ती घाई करणाऱ्यांना आवडत नाही. घरी आलेला बेस काही दिवस केसबाहेर, कूलरच्या झोतापासून दूर ठेवावा. मग सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी पकड) लावावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबावी आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तार किती वर आहे ते पाहावे. फेंडर कंपनी आपल्या बेससाठी साधारण 0.3 मिलिमीटर अंतर सांगते. मीही तेथूनच सुरुवात करतो. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, आणि त्यानंतर बेस रात्रभर तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. त्यानंतरच ब्रिजवरून (बॉडीवरच्या तारांच्या आधारावरून) तारांची उंची लावावी. सतराव्या फ्रेटवर ‘जी’ (G, सर्वांत बारीक) तारेखाली सुमारे 2 आणि ‘ई’ (E, सर्वांत जाड) तारेखाली सुमारे 2.4 मिलिमीटर ही उंची बहुतेकांना मानवते. दोन बेसची तुलना करायची असेल तर दोन्हींवर एकाच जाडीच्या, एकाच वयाच्या तारा हव्यात. नव्या तारांचा बेस जुन्या तारांच्या बेसला नेहमीच हरवतो आणि त्यात बांधणीचा काहीही हात नसतो.

जी तारेवरचा मुका स्वर

चार तारांच्या, बोल्टने नेक जोडलेल्या पुष्कळशा बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. हौशी माणसाला हा शोध लागला की बांधणीतला दोष सापडल्याचा आनंद होतो आणि समोरच्याचा बेस पाडून मागायला निमित्त मिळते. वस्तुस्थिती अशी आहे की लांब आणि बारीक नेकला स्वतःचे कंपन असते, आणि एखाद्या स्वराची कंपनसंख्या त्याच्याशी जुळली की तारेची शक्ती नेक शोषून घेतो. हजारो आणि लाखो रुपयांच्या, दोन्ही बेसमध्ये हे आढळते. खात्री करून घ्यायची असेल तर हेडस्टॉक (नेकचे खुंट्यांचे टोक) लाकडी कपाटाला घट्ट टेकवून तोच स्वर वाजवावा, किंवा हेडस्टॉकवर छोटा क्लॅम्प लावावा. मुका स्वर जागा बदलतो किंवा सौम्य होतो. ग्रॅफाइटचे नेक याबाबतीत उजवे असतात, कारण ते जास्त ताठ असतात. मात्र त्या मुक्या जागेच्या फ्रेटला कानस लावणाऱ्यांना मी हात जोडतो. फ्रेट एकदा खाली गेला की तो परत वर येत नाही.

बोल्ट मोजणे आणि फटीत कार्ड घालणे

लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून नेक चार स्क्रूंनी जोडला जातो, आणि जगातले पुष्कळसे ध्वनिमुद्रण त्याच जोडणीच्या बेसवर झालेले आहे. रिकनबॅकर कंपनीने 1957 मध्ये 4000 हा बेस बाजारात आणला तो नेक थेट बॉडीतून जाणाऱ्या बांधणीचा. दोन्ही परंपरा सत्तरीच्या घरात पोहोचल्या, तरी आपल्याकडे अजून ‘आरपार नेक म्हणजे महाग, म्हणजे चांगला’ असे सरळ गणित मांडले जाते. आरपार नेक वरच्या फ्रेटवर हाताला सोयीचा असतो हे मान्य, पण तो कधी वाकला तर बदलता येत नाही. त्याउलट बोल्टचा नेक एका दुपारी काढून, कोन सुधारून परत बसवता येतो.

नेकच्या बाजूच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड घालून दाखवणे हा आवडता खेळ आहे. बाजूची बारीक फट फारशी महत्त्वाची नसते. नेक खिशाच्या (बॉडीतल्या नेक बसण्याच्या खाचेच्या) तळाशी सपाट टेकला आहे का आणि तारा नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का, हे पाहिले पाहिजे. तारा एका बाजूला सरकल्या असतील तर त्या थोड्या सैल करून, स्क्रू अर्धा फेरा ढिले करून नेक हाताने सरळ करावा आणि पुन्हा आवळावे. आत कागदाचा किंवा फायबरचा तुकडा सापडला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. फेंडरच्या कारखान्यातूनही असे तुकडे घालून बेस निघाले आहेत.

लाकडाचे नाव आणि देशाचे नाव

बासवूड हे बॉडीच्या लाकडाचे नाव ऐकले की नाक मुरडणारा माणूस रंगाखालचे लाकूड डोळ्यांनी ओळखू शकत नाही. फ्रेटबोर्डचेही तसेच आहे. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाच्या जातीच्या लाकडांवर साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या) कराराने आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आणली, त्यामुळे अनेक कारखाने पाउ फेरो या दुसऱ्या लाकडाकडे वळले. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या काळातला पाउ फेरोचा बेस दर्जा घसरल्यामुळे तसा झाला, असे सांगणाऱ्यांना हे ठाऊक नसते. मी नेकच्या लाकडाचा धागा पाहतो: तो सरळ, गाठीविना आणि हेडस्टॉकपर्यंत तिरका न जाणारा असला की पुरे. देशाबाबत एवढेच सांगतो की 1982 मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या, फेंडरच्याच स्क्वायर नावाच्या पहिल्या मालिकेसाठी, जी तेव्हा स्वस्तातली म्हणून विकली गेली, आज संग्राहक रांग लावतात.

तोल बसून पाहू नये. पट्टा लावून उभे राहावे आणि हात सोडावेत. हेडस्टॉक जमिनीकडे जात असेल तर रात्रभराच्या ऑर्केस्ट्रात डावा खांदा ते सांगेल. पट्ट्याची वरची खुंटी साधारण बाराव्या फ्रेटच्या रेषेपर्यंत पोहोचत असली की हा त्रास सहसा होत नाही.

वैशाखातल्या लग्नात बेस बंद गाडीत ठेवू नये. आतले तापमान काही जोडांचा गोंद मऊ करण्याइतके वाढू शकते.

गुणगुण ऐकून शिल्डिंगला (गुणगुण रोखणाऱ्या आतल्या आवरणाला) दोष देणे

फेंडरच्या जॅझ बेसचे दोन पिकअप (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या) परस्परविरुद्ध गुंडाळलेले असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की गुणगुण जवळजवळ नाहीशी होते, एक कमी केला की 50 हर्ट्‌झची गुणगुण परत येते. ही त्या रचनेची जात आहे. प्रिसिजनचा 1957 पासूनचा दुभंगलेला पिकअप मुळातच गुणगुण दाबून टाकतो. तेव्हा या दोन बेसची गुणगुण मंडपात तोलून ‘याची वायरिंग कच्ची’ म्हणणे अन्याय्य आहे. त्यातून आपल्याकडे मंडपातल्या जनरेटरला अर्थिंग असेलच असे नाही. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबत असेल तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर आधी मंडपाची जोडणी तपासावी.

येथे एक गोष्ट मी गंभीरपणे सांगतो. शॉक बसतो म्हणून ब्रिजची वायर कापणारे आणि ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन मोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. तारांना हात आणि ओठांना माइक, अशा स्थितीत बिघडलेल्या जोडणीतून विजेचा झटका जिवावर बेतू शकतो. कार्यक्रमापूर्वी माइकची जाळी आणि बेसचा ब्रिज यांच्यात मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजण्याची सवय लावावी. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर मंडपवाल्याला बोलावून अर्थिंग करून घ्यावे आणि तोपर्यंत बेसला हात लावू नये.

अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे सर्किट असलेल्या) बेसचा आवाज फाटू लागला तर सर्किट उघडण्याआधी 9 व्होल्टची बॅटरी बदलावी. जॅकमध्ये केबल असेपर्यंत ती खर्च होत राहते, म्हणून वाजवून झाले की केबल काढून ठेवावी.