माल्टातली बोफर्स: डायोरामा करायला घेण्याआधी

एप्रिल १९४२ मध्ये हवाई हल्ले झेलणाऱ्या माल्टा बेटावरचा ४० मिलिमीटर बोफर्स या विमानविरोधी तोफेचा मोर्चा १/३५ प्रमाणात डायोरामा, म्हणजे छोटा त्रिमित देखावा, म्हणून करायचा असेल, तर सरस हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: तोफ वाटेवर आहे की मारा करते आहे? मारा करत असेल तर चाकं जमिनीला टेकलेली नकोत. अडीअडचणीला ती चाकांवरूनही डागता येई, पण पक्क्या मोर्च्यात दोन्ही बाजूंचे पाय पसरून, चार टोकांचे जॅक टेकवून गाडा समतल करत. म्हणून तळपाटावर आधी या चार जागा सपाट करून घ्या. माझा निम्मा वेळ इथेच जातो आणि तो मला सार्थकी लागल्यासारखा वाटतो, कारण गाडा जरासा कलला तरी पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

नळी सव्वादोन मीटरची, म्हणजे आपल्याकडे ६४ मिलिमीटर; तोंडाशी पसरट शंकू हवाच. सुट्या भागांत पाण्याचं जाड आवरण असलेली नळी सापडली तर ती जहाजावरच्या तोफेची, बाजूला ठेवा.

काडतुसं चार-चारच्या क्लिपमध्ये. तोफेवर दोघे बसलेले, एक तोफ फिरवणारा, दुसरा नळी वर-खाली करणारा. भरणारा मागे फलाटावर उभा राहून क्लिप वरून आत घालतो. मिनिटाला १२० गोळे उडवणाऱ्या तोफेला क्लिपा पुरवायला मागे माणसं लागतात, तेवढ्या आकृत्या मोजून घ्या. मात्र दारूगोळ्याचे ढीग रचू नका. त्या वसंतात माल्टात तोफांना गोळे मोजून मिळत होते. रिकामी पुंगळी नळीखालून पुढे पडते, तेव्हा पितळी पुंगळ्या तोफेच्या पुढ्यात पसरा, भरणाऱ्याच्या पायाशी नाही.

भिंतीला फिकट पिवळसर चुनखडीचा रंग आणि वाळूच्या पिशव्या. तोफची रॉयल माल्टा आर्टिलरीचे, म्हणजे बेटावरचेच दाखवलेत तर मला फार आवडेल. आपलंच गाव राखणारी ही माणसं अशा डायोरामांत क्वचित दिसतात.

माना चिकटवणं शेवटी. विमान जिथे असेल तिथे एक बारीक तार उभी करा, नळी आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या टोकाकडे वळवा. सरस वाळला की तार काढून घ्या.