बोस्टन हत्याकांडावर लिहिताना या चुका टाळा

5 मार्च 1770 च्या रात्री, ब्रिटनच्या उत्तर अमेरिकी वसाहतीतील बोस्टन शहरात, किंग स्ट्रीटवर, कस्टम हाऊस म्हणजे जकात कार्यालयासमोर, ब्रिटिश लष्कराच्या 29 व्या रेजिमेंटच्या सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि त्यात पाच माणसांचा जीव गेला. मूळ घटना एवढीच आहे. परंतु स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, शालेय प्रकल्प, दिनविशेषाची सदरे आणि व्हिडिओंच्या संहिता यांतून ती ज्या रूपात समोर येते, त्यात बहुतेक वेळा एकाच पक्षाचे म्हणणे इतिहास म्हणून छापलेले असते. याचे मूळ घटनेच्या पाठोपाठच्या महिन्यांत आहे. बोस्टन शहराच्या वतीने शंभराच्या आसपास जबान्या जोडलेली एक पुस्तिका निघाली, तिला उत्तर म्हणून लष्कराची बाजू मांडणारी दुसरी पुस्तिका लंडनमध्ये छापली गेली, आणि दोन्हींतील साक्षीदारांनी शपथेवर परस्परविरुद्ध हकिकती सांगितल्या. हाती आलेला मजकूर यांपैकी कोणत्या गोटातून आला आहे हे न पाहता तो उतरवून घेतला, की पुढच्या चुका एकामागून एक होत जातात.

चित्रालाच पुरावा मानणे

सर्वाधिक नुकसान बोस्टनचा कारागीर पॉल रिव्हिअर याच्या प्रसिद्ध चित्राने केले आहे. ताम्रपटावर कोरून छापलेले आणि हाताने रंगवलेले हे चित्र घटनेनंतर तीन-चार आठवड्यांतच विक्रीला आले होते. त्यात लाल कोट घातलेले सात सैनिक एका सरळ रांगेत उभे राहून एकाच वेळी गोळ्या झाडताना दिसतात, त्यांच्या मागे अधिकारी तलवार उंचावून हुकूम देतो आहे, समोरचे नागरिक निःशस्त्र आहेत आणि त्यांतल्या एकाच्याही हातात काठी किंवा बर्फाचा गोळा नाही. कस्टम हाऊसवर 'कसायाचे दुकान' अशा अर्थाची पाटी आहे आणि वरच्या खिडकीतून बंदुकीचा धूर निघताना दाखवला आहे. चित्राच्या पुढच्या भागात एक कुत्रा शांतपणे उभा आहे.

प्रत्यक्षात रस्त्यावर बर्फ साचले होते, सैनिक अर्धवर्तुळात उभे होते, गोळ्या एकदम न सुटता मागेपुढे सुटल्या, आणि अधिकारी निदान काही काळ सैनिकांच्या पुढे, म्हणजे बंदुकांच्या तोंडाशी उभा होता. खिडकीतून गोळीबार केल्याच्या आरोपावरून चार नागरिकांवर वेगळा खटला चालला, तेही निर्दोष सुटले आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारा नोकर मुलगा पुढे खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. रिव्हिअरने ही रचना मुळात हेन्री पेलहॅम या तरुण चित्रकाराकडून घेतली होती. आपल्याला न विचारता ती छापल्याबद्दल पेलहॅमने त्याला लिहिलेले रागाचे पत्र आजही उपलब्ध आहे. म्हणजे ज्या चित्राला आपण डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेची नोंद समजतो, ते दुसऱ्याच्या चित्रावरून घाईने केलेले प्रचारपत्रक आहे. हे चित्र अवश्य वापरावे, मात्र त्याखालच्या ओळीत ते प्रचारासाठी काढले होते हे स्पष्ट लिहावे, आणि लेखातील वर्णन चित्रावरून न करता खटल्यातील साक्षींवरून करावे. तुमच्या मजकुरात 'सैनिकांनी रांगेत उभे राहून' असे शब्द आले असतील, तर ते कोठून आले हे आता सांगण्याची गरज नाही.

'कॅप्टनने हुकूम दिला' असे ठामपणे लिहिणे

या प्रकरणातला सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे आणि नेमका तोच एका वाक्यात उरकला जातो. कॅप्टन थॉमस प्रेस्टन एक कॉर्पोरल व सहा सैनिक घेऊन कस्टम हाऊससमोर आला, तो ह्यू व्हाइट या एकट्या पडलेल्या पहारेकऱ्याला सोडवण्यासाठी. जमाव अगदी अंगाशी भिडला होता. बर्फाचे गोळे आणि ढलप्या, शिंपले, काठ्या फेकल्या जात होत्या, आणि 'झाडा गोळ्या' असे लोकच ओरडत होते. दिवाणी दंडाधिकाऱ्याच्या आज्ञेशिवाय सैनिकांना जमावावर गोळीबार करता येत नाही, असा त्या काळचा सर्वसाधारण समज होता आणि बोस्टनकरांना तो चांगला ठाऊक होता. त्यांच्या त्या रात्रीच्या धिटाईचे हे एक कारण होते.

अशा गोंगाटात 'फायर' हा शब्द कितीतरी तोंडांतून निघाला. शिवाय शहरभर घंटा वाजत होत्या आणि घंटा म्हणजे आग, असे समजून अनेकजण बादल्या घेऊन धावत आले होते, त्यामुळे तोच शब्द आगीच्या अर्थानेही ऐकू येत होता. रिचर्ड पामीस हा व्यापारी प्रेस्टनच्या अगदी जवळ उभा राहून त्याच्याशी बोलत होता. त्याच्या साक्षीनुसार ह्यू मॉन्टगोमेरी या सैनिकाला काहीतरी येऊन लागले, तो मागे सरला आणि त्याची बंदूक उडाली; 'फायर' हा शब्द पामीसने ऐकला, पण तो कोणी उच्चारला हे त्याला सांगता आले नाही. हुकूम ऐकल्याचे शपथेवर सांगणारे साक्षीदारही होते, परंतु हुकूम देणाऱ्याच्या अंगावर कोणता कोट होता यावर त्यांचे एकमत नव्हते.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच होते: 'प्रेस्टन निर्दोष सुटला, म्हणजे हुकूम नव्हताच.' ज्यूरीने हुकूम सिद्ध झाला नाही असे ठरवले, एवढाच त्याचा अर्थ. खुद्द तीन सैनिकांनी न्यायालयाला अर्ज केला होता, की आमचा खटला कॅप्टनबरोबरच चालवावा, कारण आम्ही त्याच्या आज्ञेप्रमाणे वागलो आणि आज्ञा मोडली असती तर आम्हालाच गोळ्या घातल्या गेल्या असत्या. अर्ज फेटाळला गेला आणि खटले वेगळे चालले. कॅप्टनचा बचाव 'हुकूम दिला नाही' हा होता आणि सैनिकांचा स्वाभाविक बचाव 'हुकूम मिळाला' हा ठरला असता. कॅप्टन आणि सैनिक या दोघांचेही बचावाचे वकील बऱ्याच अंशी तेच होते, ही अडचण लक्षात घेतल्याशिवाय या खटल्यावर लिहूच नये असे माझे मत आहे. सुरक्षित वाक्यरचना अशी करता येते: 'प्रेस्टनने हुकूम दिल्याचे न्यायालयात सिद्ध झाले नाही, पहिली गोळी मॉन्टगोमेरीने झाडली, याबाबत मात्र बऱ्याच साक्षी जुळतात.'

गोष्ट त्याच रात्री सुरू करणे

बहुतेक लेखांत पोरांनी पहारेकऱ्याची टिंगल केली आणि भडका उडाला, असे येते. पूर्वपीठिका काढून टाकली की असेच होते. सैन्य 1 ऑक्टोबर 1768 रोजी बोस्टनमध्ये उतरले, कारण 1767 च्या टाउनशेंड कायद्यांनी काच, शिसे, कागद, रंग आणि चहा यांवर बसवलेल्या करांना विरोध वाढून कस्टमचे अधिकारी धास्तावले होते. सुमारे 16,000 वस्तीच्या गावात रोज चौकाचौकांत लाल कोट दिसू लागले. भरीस भर म्हणजे अल्प पगाराचे हे सैनिक फावल्या वेळात कमी मजुरीवर कामे धरत आणि स्थानिक मजुरांच्या पोटावर पाय येई.

2 मार्चला जॉन ग्रे याच्या दोरखंडाच्या कारखान्यात एक सैनिक काम मागायला गेला. 'काम हवे आहे ना, मग माझा संडास साफ कर,' असे एका कामगाराने त्याला सुनावले आणि त्यातून काठ्या-दांडक्यांनी हाणामारी झाली. त्या मारामारीत मॅथ्यू किलरॉय आणि विल्यम वॉरेन हे सैनिक होते, आणि सॅम्युएल ग्रे हा दोर वळणारा कामगारही होता. तीनच दिवसांनी हे दोन्ही सैनिक कस्टम हाऊससमोर बंदुका घेऊन उभे होते आणि ग्रे त्यांच्यापुढे रस्त्यात मरून पडला. त्याच्यावर गोळी झाडल्याचा आरोप किलरॉयवर आला. 'सैनिक विरुद्ध अनोळखी जमाव' हे चित्र एवढ्या एका तपशिलाने बदलून जाते.

त्याआधी 22 फेब्रुवारीला कस्टमसाठी काम करणाऱ्या एबेनेझर रिचर्डसनने घरासमोर जमलेल्या लोकांवर गोळी झाडली, तीत ख्रिस्तोफर सायडर हा अकराच्या आसपास वयाचा मुलगा ठार झाला होता. त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंचा समुदाय होता. 'क्रांतीतील पहिला बळी' असे कोणाविषयीही लिहिण्यापूर्वी या मुलाचे नाव आठवावे.

इथेच आणखी दोन लहान दुरुस्त्या. सैनिक लोकांच्या घरांत जबरदस्तीने घुसवले होते, हे विधान चुकीचे आहे; सैन्याच्या निवासासाठीच्या 1765 च्या कायद्यात बराकी, खानावळी आणि रिकाम्या इमारतींची तरतूद होती आणि बोस्टनमध्ये सैन्य तंबूंत, फॅन्युइल हॉलमध्ये आणि भाड्याने घेतलेल्या गोदामांत राहिले. तसेच 5 मार्चच्या संध्याकाळी केसांच्या टोपाचे पैसे बुडवले म्हणून ज्या लष्करी अधिकाऱ्याला शिकाऊ पोराने हिणवले, त्या गोल्डफिंचने पैसे चुकते केलेले होते. पोराला ते माहीत नव्हते. पोर बोलले, व्हाइटने त्याला बंदुकीने मारले आणि तिथून गर्दी वाढत गेली.

मृतांची संख्या आणि नावे

काही ठिकाणी तीन, काही ठिकाणी चार आणि काही ठिकाणी पाच असा आकडा दिसतो, तो तारखेच्या घोळामुळे. क्रिस्पस अॅटक्स, सॅम्युएल ग्रे आणि जेम्स कॉल्डवेल जागीच मेले. सॅम्युएल मॅव्हरिक हा 17 वर्षांचा शिकाऊ मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला आणि पॅट्रिक कार 14 मार्चला. 8 मार्चच्या अंत्ययात्रेत म्हणूनच चार शवपेट्या होत्या. एकूण संख्या पाच लिहावी आणि जखमी सहा.

अॅटक्सविषयी उत्साहाच्या भरात बरेच काही लिहिले जाते. तो नाविक होता आणि आफ्रिकी व मूळ अमेरिकी अशा मिश्र वंशाचा होता, इतके खात्रीने म्हणता येते. 1750 मध्ये फ्रॅमिंगहॅमच्या एका मालकाने 'क्रिस्पस' नावाच्या पळालेल्या गुलामासाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती; तो हाच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणून 'असावा' हे क्रियापद सोडू नये. तो जमावाचा ठरलेला नेता होता, हे मुख्यतः बचाव पक्षाचे चित्रण आहे, आणि ते पुढे अगदी उलट्या हेतूने गौरवासाठी वापरले गेले. 19 व्या शतकात गुलामगिरीविरोधी चळवळीने त्याचे नाव वर आणले. बोस्टन कॉमनवरील स्मारक 1888 चे आहे.

जॉन अॅडम्सला एकटा वीर करणे

आधी नाव तपासावे. सैनिकांचा वकील जॉन अॅडम्स, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला; सैन्य शहराबाहेर हलवायला लावणारा पुढारी सॅम्युएल अॅडम्स, त्याचा दूरचा चुलतभाऊ. ही अदलाबदल इतकी सर्रास होते, की वाचून झाल्यावर केवळ या दोन नावांसाठी मजकूर पुन्हा पाहावा. बचावात जॉन अॅडम्सबरोबर जोसाया क्विन्सी होता, आणि फिर्यादी पक्षाच्या दोन वकिलांपैकी सॅम्युएल क्विन्सी हा जोसायाचा सख्खा भाऊ.

अॅडम्सने 'वस्तुस्थिती हट्टी असते' असे ज्यूरीला सांगितले, ते सैनिकांच्या खटल्यात, प्रेस्टनच्या नव्हे. हे वाक्य सर्वजण उद्धृत करतात. त्याच भाषणात त्याने जमावाला उर्मट पोरे, निग्रो, मिश्रवंशीय, आयरिश आणि परके खलाशी यांची गर्दी म्हटले होते, हे मात्र गाळतात. शहरातील प्रतिष्ठितांना बाजूला ठेवून दोष उपऱ्यांवर ढकलण्याची ती चाल होती आणि ती सफल झाली. बचावाला याहून मोठा हात मेलेल्या माणसाने दिला. पॅट्रिक कारने मृत्युशय्येवर आपल्या डॉक्टरला सांगितले होते, की सैनिकांनी बराच वेळ सोसले, ते स्वसंरक्षणासाठी झाडत होते असे त्याला वाटले, आणि आपल्यावर गोळी झाडणाऱ्यावर त्याचा राग नाही. डॉक्टर जॉन जेफ्रीजने हे न्यायालयात सांगितले. मरणोन्मुख माणसाचे बोलणे म्हणून ती ऐकीव साक्ष ग्राह्य धरली गेली.

निकाल लिहिताना 'सर्व सैनिक सुटले' असे लिहू नये. प्रेस्टन 30 ऑक्टोबरला सुटला. 5 डिसेंबरला आठपैकी सहा सैनिक निर्दोष ठरले. मॉन्टगोमेरी आणि किलरॉय खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. मुळात धर्मगुरूंसाठी असलेली जुनी कायदेशीर सवलत मागून ते फाशीतून वाचले, आणि ती पुन्हा मागता येऊ नये म्हणून त्यांच्या अंगठ्यावर तापलेल्या लोखंडाने डाग दिला गेला. सैनिकांच्या ज्यूरीत बोस्टनचा एकही रहिवासी नव्हता, हेही नोंदवावे. अॅडम्सची वकिली या खटल्याने बुडाली, या सरधोपट विधानासमोर एवढे ठेवावे, की खटला उभा राहण्याआधीच, पण त्याने वकीलपत्र घेतल्यानंतर, जून 1770 मध्ये बोस्टननेच त्याला प्रतिनिधी म्हणून निवडून दिले होते.

कालक्रम आणि तुलना

बोस्टन टी पार्टी, म्हणजे बंदरात चहा फेकून केलेला निषेध, 16 डिसेंबर 1773 ची आहे आणि युद्धाला तोंड फोडणारी लेक्सिंग्टनची चकमक 19 एप्रिल 1775 ची. गोळीबाराने युद्ध पेटले असे लिहिणे म्हणजे मधली पाच वर्षे गिळणे होय. सैन्य कॅसल विल्यम या बंदरातील बेटावरच्या किल्ल्यात हलवल्यानंतर शहर बरेचसे शांत झाले होते. 1770 मधील दोन्ही बाजूंची माणसे ब्रिटिश राजाचीच प्रजा होती, म्हणून 'अमेरिकन विरुद्ध इंग्रज' अशी मांडणीही त्या वर्षासाठी अकाली ठरते.

आपल्याकडे या घटनेची जालियनवाला बागेशी सांगड घालण्याची सवय आहे. तिथे 13 एप्रिल 1919 रोजी डायरने स्वतः हुकूम देऊन, इशारा न देता, बंदिस्त जागेतील लोकांवर 1,650 फैरी झाडल्या आणि सरकारी आकड्यानुसारही 379 माणसे मेली. डायरने हुकूम नाकारला नाही आणि त्याच्यावर फौजदारी खटलाही चालला नाही. हुकूम, इशारा, जागा, जमावाचे वर्तन आणि न्यायालय या एकाही बाबतीत दोन्ही घटना जुळत नाहीत. सत्ता ब्रिटिश होती एवढ्यावर परिच्छेद उभा करू नये.

तुलनेपेक्षा उपयोगी पडेल असा एक तपशील खुद्द तारखेत आहे. ज्या दिवशी किंग स्ट्रीटवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच 5 मार्चला लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने चहा वगळता बाकीचे टाउनशेंड कर रद्द करण्याचा प्रस्ताव संसदेत मांडला. बातमी समुद्रापार जायला कित्येक आठवडे लागत, त्यामुळे दोन्ही शहरांना एकमेकांतील घडामोड बऱ्याच उशिरा कळली. करमाफी हा गोळीबाराचा परिणाम होता, असे कोठे वाचनात आले तर ते वाक्य खोडून टाकावे.