सर बाजूला झाल्यावर कंपनीचं काय होतं? नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी

आमचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागला. दूध संस्थांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) यांवरून लागणारा दर, पशुखाद्याची आणि उचलीची कपात, दर दहा दिवसांनी निघणारं बिल, असं सगळं त्यात येतं. मी इथे २०१३ मध्ये लागले. ज्यांनी ही कंपनी शून्यातून उभी केली ते सर २०१८ च्या दिवाळीनंतर हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेमुळे बाजूला झाले आणि मुलीकडे पुण्याला राहायला गेले. मुलाखतीला येणारी मुलं-मुली हल्ली मलाच उलट विचारतात, "मॅडम, कंपनी एका माणसावर चाललीय आणि तो माणूसच गेला तर?" प्रश्न अगदी योग्य आहे. दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी सर काय होते ते सांगते. सॉफ्टवेअरचा एकेक स्क्रीन ते स्वतः बघायचे. एखादं बटण का आहे, का नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे असायचं आणि बहुतेक वेळा ते उत्तर "नको" असंच असायचं. संस्थेच्या सचिवांनी कितीही गळ घातली, तरी नको म्हणजे नको. आम्हाला वाटायचं, हट्टी आहेत. ते बाजूला झाल्यावर कंपनीची सूत्रं विक्री बघणाऱ्या साहेबांकडे आली. माणूस चांगला, गावोगावी ओळखी, बोलणं गोड. पहिल्या सहा महिन्यांत ऑर्डरी वाढल्या. सगळे म्हणाले, बघा, काही अडलं नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट सचिवांना फार जाचायची. संध्याकाळचं संकलन संपलं की "दिवस बंद" करायचा, आणि पेन ड्राइव्ह लावून बॅकअप घेतल्याशिवाय दिवस बंदच व्हायचा नाही. तो पेन ड्राइव्ह सचिवाने खिशात घालून घरी न्यायचा, असा सरांचा नियम. पेन ड्राइव्ह हरवायचा, खराब व्हायचा, रात्री आठला आम्हाला फोन यायचे. नव्या साहेबांनी मार्चमध्ये सांगितलं, तिथे "नंतर" असं एक बटण द्या. ते काम माझ्याकडे आलं. अर्ध्या तासाचं काम होतं. मी केलं आणि दुपारी जेवायला गेले. बटण का नव्हतं, हे मी कुणालाही विचारलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही काठावरच्या एका गावी गेलो. संस्थेची खोली चौकात, रस्त्याच्या पातळीला. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. सीपीयू उचलून तिरका केला तर आतून गढूळ पाणी आलं, सोबत उसाच्या पाचटाचा एक तुकडा. सचिव बाजूला उभे होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, पूर्वी पेन ड्राइव्ह लावल्याबिगर ते बंदच होत नव्हतं. 'नंतर' तुम्हीच दिलं की ओ." शेवटचा बॅकअप मे महिन्यातला होता. १ ते १० ऑगस्टचं बिल तोंडावर आलेलं. कुणाची किती उचल फिटली, कुणाचं किती पशुखाद्य वळतं झालं, सगळं पाण्यात गेलं होतं. पुढचे कित्येक दिवस आम्ही देवळाच्या ओवरीत बसून लोकांच्या पावत्यांवरून नोंदी करत होतो. एक आजी किटलीच्या झाकणात ठेवलेल्या पावत्या घेऊन आल्या. ओल्या पावत्या एकमेकींना चिकटलेल्या, आम्ही त्या एकेक सोडवून उन्हात पसरल्या. ज्यांच्या पावत्या गोठ्यात खुंटीला अडकवलेल्या होत्या त्यांच्या काही राहिल्याच नव्हत्या. त्यांचा हिशेब तोंडी ठरला. घरातली जनावरं गेलेली माणसं दुधाच्या पैशासाठी आमच्यासमोर आठवून आठवून लिटर सांगत होती, हे मी विसरू शकत नाही.

रात्री मी सरांना फोन केला. त्यांनी सांगितलं की २००५ च्या पुरात एका संस्थेचा अख्खा हिशेब असाच बुडाला होता. तेव्हा त्यांनी हाच उद्योग केला होता, हाताने, पावत्यांवरून. तेव्हापासून तो स्क्रीन. मी म्हटलं, "सर, हे आम्हाला माहीतच नव्हतं." थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं, सगळ्यांना ठाऊक आहे. माझं चुकलं."

द्रष्टा माणूस जातो तेव्हा नेमकं काय जातं, ते मला त्या रात्री कळलं. त्याने बनवलेली वस्तू जागेवरच राहते. ती तशी का बनवली, एवढंच तो सोबत घेऊन जातो. मग मागे राहिलेले दोन प्रकारे चुकतात. काहीजण सगळं जसंच्या तसं पूजेला लावतात, काहीजण जाचक वाटेल ते काढून टाकतात. कारण दोघांनाही माहीत नसतं.

त्यानंतर मी मोठ्या कंपन्यांचे इतिहास या नजरेने वाचत गेले. तुम्हीही वाचा. अभ्यासक्रमात नसतात, पण उपयोगी पडतात.

अ‍ॅपलचं उदाहरण सगळ्यांना अर्धं माहीत असतं. स्टीव्ह जॉब्स १९८५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. लगेच काही बिघडलं नाही. तेव्हाचे प्रमुख जॉन स्कली यांच्या काळात विक्री कित्येक पटींनी वाढली. म्हणजे आमच्या पहिल्या सहा महिन्यांसारखंच, फक्त ते सहा महिने तिथे काही वर्षं चालले. पण हळूहळू संगणकांची इतकी मॉडेलं झाली की गिऱ्हाइकाला कोणतं घ्यावं कळेना. १९९७ च्या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे एक अब्ज डॉलरचा तोटा झाला. नेक्स्ट ही जॉब्स यांची कंपनी अ‍ॅपलने विकत घेतली आणि ते परत आले. आल्यावर त्यांनी बहुतेक मॉडेलं बंद केली आणि चार चौकोन आखले: घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचा आणि हातात नेण्याचा. प्रत्येक चौकोनात एकच यंत्र. बारा वर्षांत त्या कंपनीतून काय हरवलं होतं, याचं उत्तर मला त्या चार चौकोनांत दिसतं. "नको" म्हणणारा माणूस हरवला होता.

दुसऱ्यांदा मात्र तयारी होती. टिम कुक १९९८ मध्ये अ‍ॅपलमध्ये आले ते मालाची साखळी सांभाळायला. महिनाभराचा पडून राहणारा साठा त्यांनी काही दिवसांवर आणला. म्हणजे गोदाम, पुरवठादार, वेळापत्रक यांतला माणूस. जॉब्स आजारपणात रजेवर गेले तेव्हा कंपनी याच माणसाने चालवून दाखवली होती. २००८ मध्ये कंपनीने स्वतःची एक अंतर्गत शाळाच काढली. महत्त्वाचे निर्णय कसे आणि का घेतले, हे तिथे आपल्याच लोकांना शिकवायचं. ऑगस्ट २०११ मध्ये जॉब्स यांनी पद सोडलं आणि कुक प्रमुख झाले. ५ ऑक्टोबरला जॉब्स गेले. पुढच्याच वर्षी नकाशांचं अ‍ॅप फसलं आणि कुक यांना जाहीर माफी मागावी लागली. तेव्हा बरेच लोक म्हणाले, संपली कंपनी. २०१८ मध्ये तिचं बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. कुक यांनी जॉब्स व्हायचा प्रयत्न केला नाही, हे मला त्यातलं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

मायक्रोसॉफ्टचं प्रकरण अवघड आहे, कारण तिथे आकडे फसवतात. बिल गेट्स यांनी जानेवारी २००० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पद स्टीव्ह बाल्मर यांच्याकडे दिलं. तेव्हाचा महसूल सुमारे २३ अब्ज डॉलर, २०१३ मध्ये सुमारे ७८ अब्ज. तिपटीहून जास्त. तरीही त्याच काळात मोबाइल फोन त्यांच्या हातून निसटला. नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला आणि २०१५ मध्ये त्यापायी साडेसात अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बुडीत धरावी लागली. २०१४ मध्ये सत्या नडेला प्रमुख झाले ते बाहेरून आले नव्हते, १९९२ पासून तिथेच होते. आणि ज्या क्लाउडवर (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवेवर) त्यांनी कंपनी पुढे नेली ती अ‍ॅझ्युर सेवा बाल्मर यांच्याच काळात, २०१० मध्ये सुरू झाली होती. त्यामुळे "हा नेता वाईट, तो चांगला" असं सरसकट बोलणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. चालू वर्षाचा नफा हे तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयांचं फळ असतं, एवढं डोक्यात ठेवा.

इन्फोसिसबद्दल थोडक्यात. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली कंपनी. नारायण मूर्ती २०११ मध्ये निवृत्त झाले, २०१३ मध्ये परत आले, २०१४ मध्ये पुन्हा बाजूला झाले आणि विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी आले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. जाणं हे एका दिवसात होत नाही, हे यातून दिसतं.

आणि आपल्या दारातलं उदाहरण तर मिरज-पुणे गाडीच्या खिडकीतून दिसतं. बेळगावातून जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर बनवले. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. पण त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन येऊन तोवर कित्येक वर्षं कामात मुरले होते. वाडीतला कारखाना आजही पंप बनवतो. सूत्रं हातात देण्याआधी माणसाला इतकी वर्षं सोबत ठेवलं, हे मला त्यात दिसतं. आमच्या सरांना ते जमलं नाही. प्रकृतीने वेळच दिला नाही.

आता तुमच्या कामाचं.

मोठा माणूस बाजूला झाल्याचा ई-मेल आला की त्या दिवशी काहीही ठरवू नका. कँटीनमधल्या बातम्यांवर तर नाहीच. पहिले सहा महिने सगळं सुरळीत दिसतं, त्यावरूनही काही ठरवू नका. बघायचं असेल तर सपोर्टच्या टेबलाकडे बघा. गिऱ्हाइकांचे फोन घेणारी जुनी माणसं सोडून जायला लागली, तर ते विक्रीचा माणूस जाण्यापेक्षा गंभीर आहे, कारण चुकीचा निर्णय सर्वांत आधी त्यांच्याच कानावर येतो. नवा प्रमुख कोणत्या गोष्टींना नाही म्हणतो ते बघा. वर्षभरात तो कशालाच नाही म्हणाला नसेल, तर मला काळजी वाटेल. पगाराची तारीख सरकते का, आणि पीएफ खरोखर भरला जातोय का, हे दर महिन्याला यूएएन (तुमचा पीएफचा क्रमांक) टाकून पासबुकात स्वतः तपासा. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते म्हणजे पैसे जमा झाले असं नसतं.

दुसरं, नवेपणाचा फायदा घ्या. पाच वर्षं झालेल्या माणसाला "हे असं का आहे?" विचारायला संकोच वाटतो, मला वाटला तसा. तुम्हाला पहिल्या वर्षी कुणी हसत नाही. विचारा, आणि उत्तर मिळालं की तारखेसकट लिहून ठेवा. कुणालाच उत्तर माहीत नसेल, तर तेही लिहा आणि माहीत होईपर्यंत त्या गोष्टीला हात लावू नका. जुने साहेब अजून फोनवर मिळत असतील, तर संकोच न करता फोन करा. सरांना असे फोन आवडतात. आता आम्ही गणपतीत त्यांना बोलावतो आणि दोन दिवस फक्त प्रश्न विचारतो.

निष्ठेपोटी थांबू नका, घाबरून पळू नका. मी थांबले, कारण त्या ओवरीतला हिशेब माझ्या बटणामुळे करावा लागला होता आणि तो निस्तरायचा होता. माझ्यासोबतचे दोघे पुण्याला गेले, त्यांचंही चांगलं चाललंय.

पुरानंतर विक्रीच्या साहेबांनी स्वतःहून सूत्रं सोडली आणि पुन्हा विक्री बघायला लागले, त्यात ते उत्तम आहेत. प्रमुख झाल्या त्या सपोर्टच्या मॅडम. कुणालाही वाटलं नव्हतं. त्या कमी बोलतात, सभेत मागे बसतात. पण त्यांच्याकडे लांबट वह्यांचा एक गठ्ठा होता. कंपनीत आल्यापासून आलेला प्रत्येक फोन, तक्रार, आणि त्यावर सर काय म्हणाले, ते त्यांनी लिहून ठेवलेलं. पेन ड्राइव्हच्या स्क्रीनचं कारणही त्यातल्या एका वहीत सापडलं, दोन ओळींत. मी त्यांच्यापासून चार टेबलं पलीकडे बसत होते.

तो स्क्रीन आता परत आहे. बॅकअप इंटरनेटवरही जातो, पण लाइट आणि रेंज दोन्ही गेल्यावर पेन ड्राइव्हच उरतो, म्हणून तो काढलेला नाही. वहीची शेवटची पानं आता आम्ही सगळे लिहितो. आमच्याकडे मुलाखतीला आलात तर ती बघायला मागा. मॅडमच्या टेबलावर डाव्या बाजूला, फोनच्या खाली असते.